सर्व्हरची वाट पाहणे म्हणजे विश्रांती नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संगणकावर काम करणाऱ्यांनी डोळे आणि मान कशी जपावी यावर आपल्या पुरवणीत अधूनमधून मजकूर येतो. ‘ठरावीक वेळाने विश्रांतीची आठवण करणारे सॉफ्टवेअर टाकून घ्या’ हा सल्ला अलीकडे त्यात हमखास असतो. सल्ला चांगलाच आहे, मी तो पाळते. पण तो देणाऱ्याने जून महिन्यात एक सकाळ जामसंड्याला माझ्या सेवा केंद्रात, जिथे मी लोकांचे दाखल्यांचे अर्ज ऑनलाइन भरते, येऊन बसावे, मग पुढचा लेख लिहावा.

मी वापरते ते वर्करेव्ह. फुकट मिळते, विंडोजवर आणि लिनक्सवर चालते. घड्याळाशेजारी कोपऱ्यात त्याची एक छोटी मेंढी बसलेली असते. (आमच्याकडे शेळ्या उदंड, मेंढी पाळली ती मी इथेच.) दर तीन मिनिटांनी 30 सेकंद हात सोडा, 45 मिनिटांनी 10 मिनिटे उठा आणि दिवसाला चार तास झाले की पुरे, या त्याच्या मूळच्या वेळा. चार तास! दाखल्यांच्या दिवसांत माझे चार तास जेवायच्या आधीच संपतात. वेळा बदलता येतात हे नशीब. मी दर 20 मिनिटांनी 20 सेकंद ठेवलेत आणि तासाने पाच मिनिटे. तेवढ्यात निदान 20 फुटांवरचे काहीतरी बघायचे, म्हणजे जवळ बघून आवळलेला डोळ्यातला स्नायू सैल होतो. माझ्या खुर्चीतून रस्त्यापलीकडच्या कलमाचा शेंडा दिसतो, तो बघते.

आता खरी अडचण. हे सॉफ्टवेअर हात मोजते, डोळे नाही. कीबोर्ड किंवा माउस हलला की काम, थांबला की विश्रांती, असा त्याचा सरळ हिशेब. उत्पन्नाच्या दाखल्याचे कागद अपलोडला लावले की पडद्यावर ते चाक फिरत राहते. कधी अर्धा मिनिट, कधी पाच मिनिटे. त्या वेळात माझे हात मांडीवर असतात, पण नजर हलवायची सोय नसते, कारण लॉगिन तुटले तर अर्ज पहिल्यापासून भरावा लागतो आणि समोरचा माणूस तालुक्याच्या टोकावरून एसटीने आलेला असतो. माणूस एरवी मिनिटाला साधारण 15 वेळा पापणी लववतो, पडद्याकडे टक लावली की ते प्रमाण निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येते. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते ते यानेच. म्हणजे सर्वांत वाईट वेळ तीच, आणि मेंढीच्या हिशेबी मी तेव्हा आराम करत असते! यावर एक उपाय त्या सॉफ्टवेअरमध्येच आहे. त्याच्या मेनूत ‘रीडिंग मोड’ असतो. तो चालू केला की हात थांबलेले असले तरी ते काम चालू आहे असे धरते. सर्व्हर रडतोय असे दिसले की मी आधी तो चालू करते. आपल्या लेखांतून हे कोणी सांगितलेले मला तरी आठवत नाही, आणि ऑनलाइन अर्ज भरणाऱ्या प्रत्येकाला हेच आधी सांगायला हवे.

दुसरी गोष्ट ओटीपीची. आमच्याकडे म्हातारी माणसे एकटी राहतात आणि ओटीपी जातो मुंबईला मुलाच्या मोबाइलवर. मग फोन लावायचा, तो लोकलमध्ये असतो, आवाज तुटतो, ‘पाच की नऊ?’ म्हणून दोनदा विचारायचे. नेमका आकडा हातात आला आणि पडद्यावर विश्रांतीची खिडकी उघडली तर? एका आजींनी विचारलेच, “बाय, तुझो कॉम्प्युटर निजलो काय गे?” म्हणून पडदा झाकणारा पर्याय मी ठेवलेला नाही. नुसती सूचना येते, ‘पुढे ढकला’ हे बटणही ठेवले आहे. ते बटणच काढून टाका, असे जाणकार सांगतात. त्यांच्यासमोर रांग नसते. (पूर्वी लाइट जायची ती आमची हक्काची सुट्टी. इन्व्हर्टर घेतला आणि तीही गेली.)

म्हणून माझे म्हणणे असे की आठवण करायची ती फक्त खुर्चीतल्या माणसाला नको, रांगेला आणि साहेबालाही हवी. युरोपीय समुदायाने 1990 मध्ये पडद्यावरच्या कामाविषयी निर्देश काढला. काम अधूनमधून विश्रांतीने किंवा दुसऱ्या कामाने तुटेल अशी आखणी मालकाने करायची, असे त्यात आहे. जबाबदारी मालकावर टाकली, कामगाराच्या मनोनिग्रहावर सोडली नाही. आपल्याकडच्या 1948 च्या कारखाना कायद्यानेही सलग पाच तासांच्या आत किमान अर्धा तास विश्रांती घातली होती, पण ती कारखान्यासाठी. माझ्यासारखीला मालक कोण? दाखल्यामागे पैसे मिळतात, थांबले की आवक थांबते. आणि 2025 पासून अकरावीचे प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झाल्याने गर्दीत भरच पडली.

मी माझ्यापुरते केले ते एवढेच. दरपत्रकाच्या फलकाखाली एक ओळ रंगवून घेतली: ‘दर तासाला पाच मिनिटे काम बंद राहील.’ आधी कुरकुर झाली. आता लोक त्या वेळात झेरॉक्स काढून घेतात, फोटो शोधतात, कागद क्रमाने लावतात. त्यामुळे नंतरचे काम उलट लवकर होते. हीच ओळ सरकारी फलकाच्या नमुन्यातच छापून आली तर प्रत्येक केंद्रचालकाला गिऱ्हाइकाशी वाद घालावा लागणार नाही. आणि संकेतस्थळे चालवणाऱ्यांनी पाच मिनिटे हात थांबला म्हणून लॉगिन तोडू नये, निदान भरलेला अर्ज तरी जपून ठेवावा. हे दोन मुद्दे आपण छापलेत तर संबंधितांच्या नजरेस पडतील.

देवगड परिसरातल्या शाळेला, ग्रामपंचायतीला किंवा दुसऱ्या केंद्रचालकाला हे सॉफ्टवेअर बसवून, वेळा लावून हवे असतील तर मी फुकट करून देईन. फक्त जून-जुलैत येऊ नका.

आपली विश्वासू,
एक सेवा केंद्रचालिका, जामसंडे (ता. देवगड)