स्टेशनवर गावाचीही गोष्ट लिहा

संपादक साहेब, नमस्कार,

नवी मुंबईला स्वतःची ओळखच नाही, सगळे बाहेरून आलेले, नुसते सेक्टर नि नोड (म्हणजे वाशी, नेरूळसारखे आखून वसवलेले भाग), असं बरेच जण बोलतात, मुंबईतले नातेवाईक तर हमखास. मला हे अजिबात पटत नाही. आलेल्या माणसाला सामावून घेणं हीच तर ह्या शहराची ओळख आहे! पहाटे वाशीच्या एपीएमसी ह्या घाऊक मार्केटला जाऊन बघा, सातारा-जुन्नरकडचे माथाडी, गुजराती व्यापारी, यूपीचा टेम्पोवाला सगळे एकाच टपरीवर चहा पित असतात. वाशी स्टेशनजवळ आसाम, केरळ, ओडिशा अशा कितीतरी राज्यांची भवनं आहेत.

आणि खारघर. तिथे टाटा हॉस्पिटलचं सेंटर आहे, देशभरातून कॅन्सरचे पेशंट येतात. हातात मोठी फाइल, सोबत घाबरलेली बायको नाहीतर म्हातारा बाप, भाषा वेगळी. स्टेशनबाहेर अशा माणसाला रिक्षावाला स्वतःहून हाक मारून विचारतो, टाटाला का, आणि मोडक्या हिंदीत कुठे उतरायचं, खोली कुठे मिळेल, जेवण कुठे स्वस्त आहे सगळं सांगतो. हे मी एकदा नाही, खूपदा बघितलंय आणि दरवेळी ह्या शहरात राहतो ह्याचा अभिमान वाटतो.

स्वच्छतेचाही वाटतो. स्वच्छ सर्वेक्षणात 2020 ला आणि परत 2023 ला आपण देशात तिसरे आलो, ती मेहनत पहाटे झाडू घेऊन निघणाऱ्या सफाई कामगारांची आहे, त्यांना मनापासून सलाम.

पण एक गोष्ट सलते. आपल्या सगळ्यांना ज्यांनी जागा दिली त्यांच्याबद्दल आपल्याला काहीच माहीत नसतं. 17 मार्च 1970 ला सिडको, म्हणजे हे शहर वसवणारी सरकारी कंपनी, आली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनी ह्या शहरासाठी घ्यायचं ठरलं, आगरी-कोळी लोकांची भातशेती, मिठागरं त्यात गेली. योग्य मोबदल्यासाठी शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील साहेबांच्या नेतृत्वाखाली लढा झाला, जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले आणि त्या लढ्यातूनच पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकांना परत देण्याची योजना मिळाली. आज आपण ज्या टॉवरमध्ये राहतो त्याच्या खाली कोणाचं तरी शेत आहे, आणि तरी चैत्रात गावदेवीची जत्रा असली की गाववाले सेक्टरमधल्या लोकांना या म्हणतात, पालखीच्या वाटेवर उभ्या असलेल्या कोणालाही प्रसाद देतात. ह्याहून मोठं मन कुठलं? आणि आपल्यातले काही जण मात्र गावठाणाकडे बोट दाखवून, तिकडे गर्दी असते, असं मुलांना सांगतात. हे थांबायला पाहिजे.

म्हणून महापालिका, सिडको आणि रेल्वेला तुमच्या पेपरमधून एक विनंती. सानपाडा, जुईनगर, नेरूळ, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, रबाळे, ऐरोली, प्रत्येक स्टेशनवर एक मोठा बोर्ड लावा, मराठीत, की आजूबाजूला मूळ गावं कोणती, लोक काय पिकवायचे, खाडीत काय मिळायचं, गावदेवी कुठे आहे, जत्रा कधी असते. जुने फोटो लावा. माहिती पुस्तकातून उचलू नका, गावातल्या आजी-आजोबांना विचारून लिहा, ते आहेत तोवरच हे होईल. महापालिकेच्या शाळांतल्या मुलांना ह्या कामाला लावलं तर अजून छान, पोरं आनंदाने करतील.

आता तर विमानतळ पण झाला, अजून नवीन लोक येतील, त्यांना पहिल्याच दिवशी कळू दे की आपण कोणाच्या गावात आलोय. महापालिका 1 जानेवारी 1992 ला सुरू झाली, तर येत्या वर्धापनदिनाला निदान एका स्टेशनपासून सुरुवात करा. आमच्या सोसायटीतले काही जण फोटो स्कॅन करायला आणि माहिती टाइप करायला तयार आहेत, महापालिकेने फक्त बोलवावं.

आपला,
एक नेरूळकर