गाजराची रोपं करायची नसतात, आणि बी आपण पाण्यात बुडवून मारतो

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत गॅलरीतल्या भाजीबागेवर लेख आला होता त्यावर हे पत्र लिहितेय. लेख वाचायला छान, फोटो तर भारीच, पण त्यात एका ठिकाणी लिहिलंय की आता पाऊस सुरू झालाय तर गाजराचं बी अंड्याच्या ट्रेमध्ये पेरा आणि रोपं बोटभर झाली की कुंडीत हलवा. अहो, गाजराची रोपं कोण करतं? मी केली होती, २०१९ मध्ये, असंच कुठेतरी वाचून. थंडीत उपटायला गेले तर एकेका गाजराला दोन दोन पाय, एकाला तर तीन, आणि लांबी करंगळीएवढी. नातवाने स्केचपेनने डोळे काढून सोफ्यावर ओळीने बसवली होती ती. गाजराचं मूळ सरळ खाली जायला निघालेलं असतं, हलवताना त्याचं टोक मोडलं की ते फाटे फोडतं, मुळ्याचं पण तेच. म्हणजे ही दोन्ही जिथे वाढायचीत तिथेच पेरायची, आणि जूनमध्ये तर नाहीच, आमच्या पुण्याकडे गाजर ऑक्टोबरपासून.

पण मला खरं लिहायचंय ते वेगळंच. सगळे जण खत कुठलं घाला, कीड कशी घालवा, कुंडी केवढी घ्या यावर लिहितात. माझ्या बघण्यात आलेल्या दहातल्या आठ जणांची बाग तिथपर्यंत पोचतच नाही, ती पहिल्या पंधरा दिवसातच संपते. बी टाकलं, उगवलंच नाही, किंवा उगवलं आणि चौथ्या दिवशी आडवं पडलं. मग म्हणतात माझा हातच चांगला नाही हो. हाताचा काही दोष नसतो, बहुतेक वेळा पाणी जास्त झालेलं असतं.

आमच्या मजल्यावर एक वहिनी आहेत, त्यांचं रोज सकाळी ठरलेलं, मगभर पाणी. टोमॅटोचं बी पेरलेलं, वरून कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) तपकिरी कोरडं दिसतं म्हणून त्या घालत राहिल्या. नवव्या दिवशी मी बोट घातलं तर खाली अक्षरशः चिखल, आणि बी शोधून काढलं तर ते मऊ पडून कुजलेलं. कोकोपीटचा हाच घोळ आहे, वरचा पापुद्रा तासाभरात वाळतो आणि आत पाणी दोन दोन दिवस तसंच राहतं. बियाला ओल लागते तशी हवा पण लागते, पाण्याने सगळी भोकं भरली की त्याचा श्वास कोंडतो. मी काय करते, कोकोपीट आणि गांडूळखत निम्मं निम्मं कालवून मुठीत दाबून बघते, लाडवासारखा गोळा व्हायला पाहिजे पण बोटातून थेंब गळता कामा नये. तेवढीच ओल. मग बी टाकायचं, वर पातळ थर द्यायचा, आणि डब्यावर प्लास्टिकची पिशवी सैलसर टाकून सावलीत ठेवून द्यायचं, चार दिवस त्याच्याकडे बघायचं पण नाही (हे सगळ्यात अवघड जातं). कोंब दिसला रे दिसला की त्याच दिवशी पिशवी काढायची आणि उजेडात आणायचं. यात उशीर केला की रोप दोऱ्यासारखं लांबतं आणि लोक खूश होतात की बघा कसं भराभर वाढतंय, अहो ते उजेड शोधत पळतंय बिचारं.

आणि खोली. बी केवढं आहे त्याच्या दुप्पट तिप्पट खोल, बास. मिरची टोमॅटोच्या बियावर तर चिमटीने भुरभुरवलेला थर पुरतो. भेंडी, कारलं, दुधी बोटाच्या एका पेराएवढं खोल चालतं. कारल्याचं कवच फार टणक, नेलकटरने एका कडेला जरासं टवका काढून रात्रभर पाण्यात ठेवलं की लवकर येतं, भेंडीला नुसतं रात्रभर भिजवलं तरी पुरे. धने मात्र अख्खे पेरू नका, पोळपाटावर लाटणं हलकंसं फिरवून दोन डाळी वेगळ्या करायच्या, एका धन्यात दोन बिया असतात. भुगा करायचा नाही, नुसतं फोडायचं. कोथिंबीर यायला आठ दहा दिवस लागतातच, चौथ्या दिवशी उकरून बघू नका, मी बघायचे. मेथी काय, ती तिसऱ्या दिवशी डोकं काढते, म्हणून ज्यांना पहिल्यांदा करायचंय त्यांनी मेथीपासूनच सुरू करावं, म्हणजे हुरूप येतो.

आता बियाण्याचं. माझं माहेर परभणी जिल्ह्यातलं. तिकडे सोयाबीन पेरायच्या आधी घरचं बी असेल तर उगवण तपासतात, गोणपाट ओलं करायचं, त्यावर दहा दहाच्या दहा ओळी असे १०० दाणे मांडायचे, वरून दुसरं ओलं गोणपाट टाकून गुंडाळी करायची, सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं आणि सहा सात दिवसांनी उघडून कोंब मोजायचे. ७० किंवा वर आले तर बी पेरायला चांगलं, कमी आले तर एकरी बी वाढवायचं नाहीतर बदलायचं. कृषी खातं पण दरवर्षी हेच सांगत असतं. मग एवढे मोठे शेतकरी हे करतात तर आपण गॅलरीवाल्यांनी करायला काय हरकत आहे? मी २० बिया ओल्या टिश्यूमध्ये घालून झाकणाच्या डब्यात ठेवते, डब्यावर तारीख लिहिते. टोमॅटो आठवड्यात कळतो, मिरचीला दोन आठवडे द्यावे लागतात. गेल्या वर्षी एका दुकानातून मिरचीचं पाकीट आणलं, २० पैकी १ उगवली. एक! दुकानदार म्हणाला मॅडम तुम्ही पाणी कमी घातलं असेल. टिश्यूत? मग नीट बघितलं तर पाकिटावर तारखेच्या जागी स्टिकर, आणि नखाने सोलला तर खाली आणखी एक स्टिकर. चूक माझीच, घेताना बघायला पाहिजे होतं. बियाण्याच्या कायद्याप्रमाणे (१९६६ चा आहे तो) लेबलवर जात, कमीत कमी उगवण किती टक्के, चाचणी कधी केली आणि कधीपर्यंत चालेल हे असावं लागतं, आणि मुदत साधारण चाचणीपासून ९ महिन्यांची असते. हे नसेल तर पाकीट तिथेच ठेवायचं. कांद्याचं बी तर वर्षभरातच जातं, जुनं घेऊच नये, टोमॅटोचं त्या मानाने तीन चार वर्षं टिकतं जर कोरडं थंड ठेवलं तर.

आणि ते ऑनलाइन मिळतं ना, निळी स्ट्रॉबेरी, सात रंगाचा टोमॅटो, त्याच्या नादी लागू नका. आमच्या सोसायटीत एकाने साडेतीनशे रुपयांचं मागवलं, त्यातून माठ उगवला. माठाची भाजी आम्ही खाल्ली, चांगली झाली होती.

घरातल्या भाजीतलं बी वापरावं का असं लोक विचारतात. धने मेथी मोहरी बिनधास्त. बाजारच्या टोमॅटोचं उगवतं छान, पण तो बहुतेक वेळा हायब्रीड असतो, मग पुढच्या पिढीत एक झाड आईवर जातं, एक बापावर, एक कोणावरच नाही. मजा म्हणून लावा, त्याच्यावर अवलंबून राहू नका. ज्यांना दरवर्षी घरचंच बी धरायचंय त्यांनी सरळ वाण घ्यावा, म्हणजे हायब्रीड नसलेला, ज्याच्या बियातून पुन्हा तसंच झाड येतं. मी भेंडीला परभणी क्रांती लावते, आमच्या परभणीच्या कृषी विद्यापीठाचाच वाण आहे, शिरा पिवळ्या पडणाऱ्या रोगाला बऱ्यापैकी टिकतो, माहेरचा अभिमान वेगळा. एका झाडावरच्या दोन शेंगा तोडायच्याच नाहीत, झाडावर वाळून तडकायला आल्या की काढायच्या, सावलीत आणखी वाळवायच्या, दाणे काढून चुलीतली राख चोळून काचेच्या बाटलीत भरायचे, तिकडे आईकडे हे उतरंडीत असायचं. राख आता मिळत नाही, मी बाटलीत भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी टाकते, ओल ओढून घेते. हे काही माझं डोकं नाही, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं घराघरातून गोळा करून जपलं, त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा शहरातल्या लोकांना कळलं की बी जपणं हे पण काम असतं.

रोपं आडवी पडतात त्याबद्दल राहिलंच. सकाळी ताठ उभं, संध्याकाळी मातीलगत देठ सुतासारखा बारीक होऊन झोपलेलं. बुरशी असते ती, आणि गच्च पेरणी, गच्च पाणी, कोंदट हवा मिळाली की एका रात्रीत डबा साफ करते. पडलेलं उठत नाही, ते टाकून द्यायचं. उरलेल्यांचं पाणी तोडायचं, उघड्यावर ठेवायचं, आणि पुढच्या वेळी मातीत ट्रायकोडर्माची (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) पूड कालवायची, कृषी सेवा केंद्रात मिळते, महाग नाही. पाणी वरून घालायच्या ऐवजी डब्याला खाली भोकं पाडून तो ताटलीतल्या पाण्यात दहा मिनिटं ठेवायचा आणि काढायचा, एवढ्या एका गोष्टीने माझं निम्मं नुकसान थांबलं. उरलेलं निम्मं पारव्यांनी केलं. त्यांच्यावर उपाय भाजी धुवायची जाळीची टोपली उपडी घालणे आणि वर वीट ठेवणे, वीट ठेवाच, नाहीतर टोपली घेऊन उडतील की काय असं वाटतं.

टोमॅटो महिन्याभराचा झाला की हलवताना खालची पानं खुडून देठ बराचसा मातीत गाडला तरी चालतो, त्याला देठातून मुळं फुटतात, लांबलेलं रोप असंच वाचवता येतं. मिरची वांग्याला मात्र होती तेवढ्याच खोलीवर लावा. काकडी दोडक्यासारखे वेल शक्यतो हलवूच नयेत, मुळं दुखावली की रुसून बसतात.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे संपादक साहेब. पुरवणीत असे लेख देताना "कोणत्याही ऋतूत" असं छापू नका, आणि महिन्यावार एक वेळापत्रक छापा, पण एकच सगळ्या महाराष्ट्राला नको. चिपळूणला जूनमध्ये गॅलरीत पाण्याचा मारा, नागपूरला मे महिन्यात पत्र्यासारखी तापलेली गच्ची, आमच्याकडे डिसेंबरच्या रात्री एवढ्या गार की मिरचीचं बी हलत नाही, मी डबा फ्रिजवर मागच्या बाजूला ठेवते तिथे जरा ऊब असते. हे सगळं एका चौकटीत कसं बसणार. कृषी विद्यापीठं चार आहेत आपल्याकडे, राहुरी, परभणी, अकोला, दापोली, त्यांच्याकडून आपापल्या भागाचं लिहून घेतलंत तर आम्ही ते कापून फ्रिजवर लावू.

आत्ता जून संपत आलाय, भेंडी, गवार, दोडका, कारलं पेरायला एकदम बरोबर वेळ आहे.

आपली,
एक जुनी वाचक, चिंचवड

ता.क. पाकिटातलं बी गुलाबी किंवा निळसर रंगाचं असेल तर त्याला औषध चोळलेलं असतं. हात साबणाने धुवा, लहान मुलांच्या हातात देऊ नका, आणि उरलं तर चुकूनही स्वयंपाकाच्या डब्यांशेजारी ठेवू नका. आमच्याकडे ते मोहरीच्या डब्याशेजारी सापडलं होतं, मीच ठेवलेलं.