सूचना: रविवारी येताना नात्यांचा तक्ता आणा

सभासदांनो, रविवारी मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे (१९०५–१९७०) यांच्या ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ (१९५३) या भारतातल्या नातेपद्धतींवरच्या पुस्तकावर बैठक आहे. प्रत्येकाने घराण्याच्या तीन पिढ्यांचा तक्ता पेन्सिलीने काढून आणावा. पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, लग्नाला दोन आडव्या रेघा, भावंडांना वरून जोडणारी एक रेघ.

लग्न होऊन गेलेल्या आत्या आणि आईचं माहेर हमखास गळतं. मग मामाच्या मुलीशी झालेलं लग्न तक्त्यात दिसतच नाही. कोल्हापुरात तर ही चाल घरोघर माहीत! उत्तरेत असं लग्न सहसा चालत नाही, दक्षिणेत चालतं; महाराष्ट्रातली या उत्तर-दक्षिण नातेपद्धतींची सरमिसळ इरावतीबाईंनी अशाच लग्नांतून दाखवली. नुसतं ‘काका’ लिहू नका. चुलता की मावशीचा नवरा, ते स्पष्ट हवं. तक्त्यांचे फोटो ग्रुपवर टाकू नयेत.