मोबाइलवरचा गोंधळ आणि घरचे तुणतुणे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या अंकात एका वाचकांचे पत्र आले होते. लग्नानंतरच्या गोंधळाला हल्ली गोंधळी मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत, मग मोबाइलवर गोंधळ लावून आरती उरकली तर काय बिघडले, असा त्यांचा सवाल होता. मोबाइलवरच्या गोंधळात तुळजापूर येते, माहूर येते, जेजुरीही येते. पण आमचे कुळदैवत आणि आमच्या मूळ गावचा देव त्यात कोण घालणार? गोंधळी चौक मांडला की आधी घरातल्या मोठ्यांना ही नावे विचारतो आणि मग एकेकाला ‘गोंधळाला यावे’ म्हणून हाक मारतो. ती हाकच गाळली तर उरलेली गाणी आपण गाडीतही ऐकतो.

शिवाय गोंधळी मिळत नाहीत हे निदान बडोद्यापुरते खरे नाही. वैशाखात मुलाचे लग्न झाले, तेव्हा सासऱ्यांच्या वेळेपासून आमच्याकडे येणाऱ्या घरातलेच गोंधळी आले. ठरवायला गेलो तेव्हा त्यांनीच अडचण काढली. तालाचा जोडढोल, म्हणजे संबळ, ठीक आहे, पण तुणतुण्याचे, म्हणजे सूर धरायच्या, एका तोंडाला कातडे लावलेल्या एकाच तारेच्या वाद्याचे, लाकडी नळकांडे उभे चिरले, कोणी दुरुस्त करून देत नाही. सध्या मोबाइलमधल्या तानपुऱ्यावर भागवतो. म्हणजे माणूस आहे, त्याला सगळे पाठ आहे, आणि अडले कशावर, तर एका तारेवर!

हे ऐकून आमचे भावजी उठलेच. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत त्यांनी जन्मभर लेथ चालवला आहे. म्हणाले, “वहिनी, कातड्याचे तुम्ही बघा, बाकीचे माझ्याकडे.” मी शिवणकाम करते, म्हणून कातडे माझ्याकडे, जणू ब्लाउजपीसच.

नळकांड्यासाठी त्यांनी सहा इंची पीव्हीसी पाइपचा दहा इंचांचा नवा तुकडा घेतला. लाकूडच हवे म्हणणाऱ्यांनी खुशाल लाकूड घ्यावे, पण पाइप चिरत नाही. बाहेरून सागवानी पट्टीची दांडी दोन नटबोल्टांनी आवळली. खुंटी सतारवाल्याकडची जुनी, शिसवी. तिच्यासाठी भोक पाडून ते गोल कानशीने निमुळते केले आणि खुंटी सरकू नये म्हणून तिला खडू फासला. ही खडूची युक्ती सतारवालेही करतात.

बकऱ्याच्या कातड्याचा तुकडा तबले मढवणाऱ्याने दिला. तो रात्रभर पाण्यात भिजत घालायचा. घमेले घरात कुठे ठेवायचे यावर सासूबाईंनी जे ऐकवले ते इथे छापण्याजोगे नाही. शेवटी ते गच्चीवर गेले. ओले कातडे पाइपच्या एका तोंडावर घालून चारी बाजूंनी सारखे ओढायचे. इथे शिंपिणीचा हात खरेच कामी आला, कारण एका बाजूला चुणी राहिली तर वाळल्यावर ती तशीच राहते. भावजींनी वरून मोठी होज क्लिप (पाइपवर आवळायचा पत्र्याचा पट्टा) चढवून स्क्रू आवळला. मूळ तुणतुण्याला अशी क्लिप नसते हे मला ठाऊक आहे. वाळल्यावर त्यावर टिचकी मारली, तर शेजारच्या बेन ओटल्यावरून विचारतात, “आ तमारुं डाकलुं?” (डाकलुं म्हणजे त्यांच्याकडे देवीपुढे वाजवतात ते लहान चर्मवाद्य.) मी म्हटले, तसेच समजा, आमच्याही देवीचेच काम आहे.

तार वरच्या खुंटीपासून नळकांड्याच्या उघड्या तोंडातून आत उतरते आणि कातड्याच्या मधोमध पाडलेल्या बारीक भोकातून खाली निघते. तिथे कोटाच्या मोठ्या बटणात तिची गाठ मारली. बटणाची कड कातड्याला कापू नये म्हणून मध्ये चामड्याची चकती घातली. सतारीला तारांखाली टेकू म्हणून घोडी असते, इथे काहीच नाही. तार थेट कातड्यालाच ओढते, म्हणून एवढ्याशा डब्यातून एवढा आवाज निघतो. गोंधळ्यांच्या नाईकांनी खुंटी पिळून आपल्या सुराला लावून पाहिली आणि तार जाड घाला म्हणाले. त्यांचे बरोबर होते: तार जाड, तर त्याच सुराला ताण जास्त लागतो, आणि ताण जास्त तर कातडे जोरात हलते. गोंधळाच्या रात्री तेच तुणतुणे वाजले आणि नंतर आम्ही ते त्यांनाच दिले. सगळा खर्च पाचशेच्या आत. डीजेवाल्याला मागेल तेवढे मोजून गोंधळ्याच्या बिदागीत घासाघीस करणाऱ्या आमच्याच काही नातेवाइकांनी हा आकडा वाचावा म्हणून मुद्दाम लिहिला.

बडोद्यात वाद्यांना वाली नाही असे कोण म्हणेल? गायक मौलाबक्षांनी 1886 साली सुरू केलेली गायनशाळा आज सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स शाखा म्हणून सूरसागर तलावाजवळ नांदते आहे. फैयाज खाँसाहेब इथल्या दरबारात गायले आणि 1950 साली इथेच वारले. गायकवाडांनी तर कलावंतांसाठी कलावंत कारखाना नावाचे वेगळे खातेच ठेवले होते. त्यामुळे तबला मढवायचा, सतारीची जवारी काढायची (घोडी घासून आवाज खुलवायचा), तर माणूस सापडतो. तुणतुणे घेऊन गेले की तोच माणूस हसतो. ते त्याला वाद्यच वाटत नाही.

गणेशोत्सवात आमच्या मंडळांत मोदकांची स्पर्धा होते, पाठांतराची होते. त्याच मंडळांनी एक दुपार अशी वाद्ये दुरुस्त करायला द्यावी. घरोघरी निवृत्त फिटर, सुतार, शिंपी आहेत आणि सुटीत कंटाळलेली मुलेही आहेत. कोणाच्या माळ्यावर जुने तुणतुणे किंवा एकतारी पडली असेल, तर भंगारवाल्याला देऊ नये. कातडे फाटले तरी दांडी आणि खुंटी कामाची असते.

ज्यांच्याकडे पुढच्या लगीनसराईत कार्य आहे, त्यांनी हॉल ठरवतानाच गोंधळ्यांना वाद्यांचे विचारून घ्यावे. कातडे उन्हाळ्यातच चढवावे. पावसाळ्यात ते नीट वाळत नाही, आणि नवरात्राच्या तोंडावर मढवणारे ढोलांत एवढे बुडालेले असतात की तुमचा सहा इंची डबा कोणी हातातही घेणार नाही.

आपली,
एक वाचक
दांडिया बाजार, बडोदे