नाव वांकायोचे, चव मेयोनेजची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत दक्षिण अमेरिकेतील खाद्यपदार्थांविषयी आलेल्या लेखात ‘पापा आ ला वांकाईना’ या पदार्थाचे वर्णन ‘बटाट्याचे मेयोनेज घातलेले सॅलड’ असे केले आहे. लेखकाला दोष देण्याचा हेतू नाही, कारण मुंबईत हा पदार्थ ज्या स्वरूपात पानात येतो, त्याचे हे वर्णन बरोबरच आहे. मुळात मात्र त्यात मेयोनेज नसते.

पेरू देशात अँडीज पर्वतातील सुमारे ३,२५० मीटर उंचीवरच्या वांकायो या शहरावरून या पदार्थाला नाव पडले. ‘पापा’ हा तिकडच्या केचुआ भाषेतला बटाट्यासाठीचा शब्द. (आमच्या नातीला मात्र ‘आज जेवायला पापा’ हे ऐकून हसू आवरेना.) उकडलेल्या पिवळ्या बटाट्याच्या जाड चकत्या लेट्यूसच्या पानावर मांडतात, आणि ‘आही आमारिल्यो’ नावाची मिरची, ताजे खारट चीज, बिनसाखरेचे आटवलेले दूध, तेल व साधी खारट बिस्किटे एकत्र वाटून केलेले दाटसर वाटण त्यावर ओततात. वर उकडलेले अंडे व काळी ऑलिव्ह ठेवून हा पदार्थ गारच वाढतात. लिमाहून वांकायोकडे लोहमार्ग टाकणाऱ्या मजुरांना तिथल्या एका बाईने हा पदार्थ खाऊ घातला, अशी कथा तिकडे सांगतात. कथेचे खरेखोटे बाजूला ठेवू. तो मार्ग १९०८ मध्ये वांकायोला पोहोचला, वाटेत ४,७०० मीटरहून अधिक उंची गाठतो आणि त्याच्या नावातही ‘मध्य रेल्वे’च आहे. आयुष्यभर आपल्या मध्य रेल्वेत नोकरी केलेल्या माझ्यासारख्या माणसाला हा पदार्थ चाखून पाहण्यास एवढे कारण पुरेसे होते.

वांद्र्यातील एका उपाहारगृहात तो मागवला, तेव्हा गोडसर मेयोनेजमध्ये हळद घालून केलेला पिवळा लेप बटाट्यावर आला. लोअर परळमधील दुसऱ्या ठिकाणी बटाटे भट्टीतून गरमागरम आले, वर वितळलेले चीज आणि लोणच्यातल्या मिरचीच्या चकत्या होत्या. चवीला वाईट म्हणता येणार नाही, परंतु त्याला वांकाईना कशासाठी म्हणायचे? मेयोनेजमध्ये अंडे आहे का, असे विचारल्यावर वेटरला ते सांगता आले नाही, आणि माझ्या शाकाहारी मेहुण्यांनी ताटली बाजूला सारली.

यानंतर घरी करून पाहण्याचे ठरवले. ती मिरची क्रॉफर्ड मार्केटमध्ये शोधूनही मिळाली नाही, म्हणून पिवळी ढोबळी मिरची गॅसवर भाजून सोलली आणि तिखटपणासाठी दोन ताज्या लाल मिरच्या बिया काढून घेतल्या. चीजऐवजी घरचे पनीर मीठ लावून निथळत ठेवले, आणि दूध निम्म्याहून कमी होईपर्यंत आटवले. पहिला प्रयत्न फसला. मिक्सरमध्ये पनीर रवाळच राहिले, ते फिरावे म्हणून दूध वाढवले तर वाटण ताकासारखे पातळ झाले, आणि दाटपणासाठी बिस्किटे वाढवल्यावर फक्त बिस्किटांचीच चव लागू लागली. बटाटेही नवे होते, त्यामुळे चिकट लागत होते. दुसऱ्या वेळी सौभाग्यवतींनी माळ्यावरचा पाटा-वरवंटा खाली काढला. तिकडेही मिक्सर येण्यापूर्वी ‘बातान’ नावाच्या सपाट दगडावरच हे वाटत असत. आपण वरवंटा पुढे-मागे ओढतो, तर तिथला वरचा दगड दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे डोलवतात, एवढाच फरक. पाट्यावर दूध चमचा-चमचाच लागले, तेल शेवटी बारीक धारेने घातले, आणि वाटण चमच्याच्या पाठीवर ठरेल इतके गुळगुळीत झाले. जुना, पिठूळ बटाटा असल्यामुळे ते चकतीत थोडे मुरले. अंड्यांची ताटली वेगळी ठेवल्याने मेहुण्यांनीही दोनदा मागून घेतले.

आमचा पदार्थही अस्सल नाही, हे मी जाणतो. ढोबळी मिरचीला आही आमारिल्योचा तो फळासारखा वास नाही, आणि पनीर ते पनीरच. बदल केला म्हणून हॉटेलवाल्यांशीही माझे भांडण नाही. तीन अंकी दर लावताना त्या नावाखाली काय बदलले आहे आणि त्यात अंडे आहे की नाही, हे मेनूकार्डावर एका ओळीत छापावे, एवढीच अपेक्षा आहे. आपणही पुढील पुरवणीत दुरुस्ती द्यावी, अशी विनंती. सोबत पाककृती देणार असाल, तर मेयोनेजच्या जागी पनीर व आटवलेले दूध लिहावे, आणि बटाटा जुना घ्यावा हेही नमूद करावे.

आपला,
एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, मुलुंड (पूर्व), मुंबई