नॅनोकणांचे जेल जमते, अडते ते वाळवण्यापाशी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

सोने फेसासारखे हलके करता येते, हे जळगावच्या सराफ बाजारात सांगितले तर कोणाला पटणार नाही. पण २०१५ मध्ये झुरिकच्या तंत्रविद्यापीठात राफाएले मेत्झेंगा यांच्या गटाने दुधातील प्रथिनांच्या तंतूंवर सोने बसवून २० कॅरटचा असा तुकडा तयार केला, की त्यात ९८ भाग हवा आणि अवघे २ भाग घन द्रव्य होते. त्याआधी २००५ मध्ये अमेरिकेत स्टेफनी ब्रॉक यांनी कॅडमियम सल्फाइडसारख्या अर्धवाहकांची, तर २००९ मध्ये ड्रेस्डेनच्या अलेक्झांडर आयख्म्युलर यांच्या गटाने सोने, चांदी व प्लॅटिनमची एरोजेले (म्हणजे द्रवाच्या जागी हवा भरलेली जेले) केवळ नॅनोकण, म्हणजे मीटरच्या अब्जांशात मोजले जाणारे कण, एकमेकांना जोडून बनवली होती.

द्रावणातील हे कण त्यांच्यावरच्या रेणूंच्या आवरणामुळे एकमेकांपासून दूर राहतात. ते आवरण थोडे सोलले, की कण एकमेकांना चिकटून साखळ्या होतात, साखळ्यांचे जाळे होते आणि द्रावणाचे जेल बनते. विरजण लावावे तसे हे काम सावकाशीचे आहे. घाई केली तर जाळे न जमता नुसता गाळ खाली बसतो. अर्धवाहकांचे कण जोडले गेले तरी आपला रंग बऱ्याच अंशी राखतात. धातूचे कण मात्र एकजीव होऊन त्यांचे बारीक तंतू होतात, म्हणून सोन्याचे जेल पिवळे न दिसता काळेभोर दिसते.

खरी अडचण पुढे आहे. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, तसेच जेल उघड्यावर वाळवले तर आटणाऱ्या पाण्याच्या ताणाने जाळे आत ओढले जाऊन कोसळते. महाविद्यालयात शिकवत असताना माझ्या विद्यार्थ्यांनी आठ दिवस राखलेले सोन्याचे जेल, भिजल्या कापसासारखे मऊ, एका रात्रीत पंख्याखाली वाळले. सकाळी काचेला चिकटलेला मोहरीएवढा काळा खडा उरला होता. त्या मुलांचे चेहरे मला अजून आठवतात.

यावरचा उपाय सॅम्युएल किस्टलर यांनी १९३१ मध्येच दाखवला होता. जेलमधील द्रवाला क्रांतिक बिंदूपलीकडे, म्हणजे ठरावीक तापमान आणि दाबापलीकडे नेले, की द्रव आणि वायू असा भेदच उरत नाही, त्यामुळे पृष्ठताण राहत नाही आणि जाळे जसेच्या तसे टिकते. आज त्यासाठी पाण्याच्या जागी आधी अल्कोहोल आणि मग द्रवरूप कार्बन डायऑक्साइड भरतात. त्याचा क्रांतिक बिंदू ३१ अंश सेल्सिअस आणि हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे ७३ पट दाबाचा आहे. तापमानाची आपल्याला चिंता नाही, मे महिन्यात एवढे तर सकाळीच असते. पण तो दाब सुरक्षितपणे सांभाळणारे उपकरण एकट्या महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेरचे आहे.

म्हणून जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील विज्ञान महाविद्यालयांनी वर्गणी काढून असे एक सामायिक उपकरण घ्यावे, ते चालवायला प्रशिक्षित माणूस नेमावा आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ठरलेल्या दिवशी आपले नमुने घेऊन येण्याची मुभा द्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कॅडमियमची संयुगे विषारी असल्याने सुरुवात झिंक सल्फाइड आणि चांदीपासून करावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त रसायनशास्त्र प्राध्यापक, अमळनेर