वायर जोडायला आलेल्या दादाचे आभार

घरच्या कॉम्प्युटरवर विंडोज नव्याने टाकून घेतलं आणि स्क्रीनवर सगळं फताडं दिसू लागलं. लग्नपत्रिकांचं काम अंगावर, आणि दुरुस्तीवाला म्हणे ग्राफिक्स कार्डच (स्क्रीनवर चित्र दाखवणारा भाग) गेलंय, नवं घ्या!

शेजारी इंटरनेटची वायर जोडायला आलेल्या दादाने सहज डोकावून पाहिलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजमधल्या भागांच्या यादीत, कार्डाच्या नावाऐवजी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर’ होतं. म्हणजे कार्ड ठीक, फक्त ते चालवणारं सॉफ्टवेअर, ड्रायव्हर, नव्हता. त्याने कार्डाचा हार्डवेअर आयडी, म्हणजे ओळख-कोड, उघडला. त्यातलं १०डीई म्हणजे एनव्हिडिया ही कंपनी, हे त्याला तोंडपाठ. स्वतःच्या मोबाइलचं हॉटस्पॉट लावून कंपनीच्याच साइटवरून नेमका ड्रायव्हर उतरवला. चांगलीच मोठी फाइल, त्याचा दिवसाचा डेटा संपला असणार. पैसे काही घेईना. पुन्हा बिघडलं तर म्हणून सगळ्या पायऱ्या पावतीमागे लिहूनही दिल्या, बटणांच्या चित्रांसकट.

दादा, पत्रिका वेळेत गेल्या. मनापासून आभार!